पुढची तारीख

जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका घटस्फोटित बापाने शनिवार-रविवारच्या भेटीसाठी म्हणून आपल्या सात वर्षांच्या मुलाला नेलं आणि कुणालाही न सांगता थेट भारतात, पुण्याला आणलं. मुलाचा ताबा तिथल्या न्यायालयाने आईकडे दिलेला होता. आईने, एलिझाबेथ दिनशॉ यांनी, घटनेच्या कलम ३२ खाली सरळ सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ नोव्हेंबर १९८६ रोजी न्या. बालकृष्ण एराडी यांच्या खंडपीठाने मुलाला आईच्या स्वाधीन केलं. मुलगा पुण्यात येऊन तेव्हा दहा महिने झाले होते. एवढ्या थोड्या काळात त्याने इथे मूळ धरलेलं नाही आणि मूल पळवून आणणाऱ्याला त्या कृत्याचा फायदा मिळू देता येत नाही, असा निकालाचा आशय होता.

दुसरं प्रकरण त्याच्याही आधी सुरू झालेलं. एप्रिल १९८३ मध्ये एक आई अमेरिकेतून पस्तीस दिवसांचं बाळ घेऊन भारतात आली. बापाने तिथल्या न्यायालयातून ताब्याचे आदेश मिळवले, मग भांडण मुंबई उच्च न्यायालयात आलं. धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे या नावाने तो खटला कौटुंबिक वकिलांच्या तोंडी असतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ४ नोव्हेंबर १९९७ रोजी. न्या. एम. जगन्नाथ राव यांनी मुलगा आईकडेच ठेवला. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक मुद्द्यांपैकी एक, मुलाचं हित सगळ्यांत वर, असं त्यांनी सांगितलं. तोवर पस्तीस दिवसांचं बाळ चौदा वर्षांचं झालं होतं.

हे दोन निकाल मी शेजारी शेजारी ठेवून अनेकदा वाचले आहेत. वकील त्यांच्यात कायद्याचं तत्त्व शोधतात. मी वार्ताहर, माझी नजर तारखांवर जाते. दहा महिन्यांत निकाल लागला, मूल परत गेलं. चौदा वर्षांनी लागला तेव्हा त्या मुलाचं सगळं बालपण इथे सरलं होतं. निकालाला इतरही कारणं होती, पण न्यायालयांना या सरलेल्या वर्षांकडे पाठ फिरवता येत नाही. मुलाच्या ताब्याच्या आंतरराष्ट्रीय भांडणात उशीर हाच अर्धा निकाल असतो. म्हणून तर अशा प्रकरणावर लोकांचं, वर्तमानपत्रांचं आणि सरकारचं लक्ष धरून ठेवण्यासाठी आईबाप जिवाचं रान करतात. ही धडपड कधी सुरू झाली, तिने काय मिळवलं आणि कुणाला वगळलं, ते एका गावच्या वार्ताहराच्या जागेवरून मला सांगायचं आहे.

मी कोराडीचा. नागपूरच्या उत्तरेला, कामठी तालुक्यातलं हे गाव लोकांना दोन गोष्टींमुळे माहीत असतं, जगदंबेचं देऊळ आणि औष्णिक वीज केंद्र. १९७४ मध्ये केंद्राचा पहिला संच सुरू झाला. त्याच्यासोबत वीज मंडळाची वसाहत आली आणि महाराष्ट्राच्या सगळ्या कोपऱ्यांतले इंजिनिअर, फोरमन, ऑपरेटर, कारकून इथे राहायला आले. त्यांची मुलं नागपूरच्या व्हीआरसीईत आणि इतर कॉलेजांत शिकली, पुण्या-बंगलोरला नोकरीला लागली आणि नव्वदीनंतर अमेरिका, इंग्लंड, जर्मनी गाठती झाली. आज वसाहतीतून निवृत्त झालेल्या अनेक घरांत आजी-आजोबा सकाळी फोनच्या पडद्यावर नातवंडांना भेटतात. परदेशातल्या कौटुंबिक न्यायालयांची नावं आमच्याकडे आली ती या घरांतून. एखाद्या आजोबाने चहा पिता पिता विचारावं, "भाऊ, कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचा हुकूम नागपुरात चालते का?", हे मी ऐकलेलं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी नागपूरच्या दैनिकांना बातम्या पाठवू लागलो. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची, वर पेपरचं नाव टाकायचं आणि नागपूरला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे सोपवायची. राखेच्या बंधाऱ्याचं पाणी शेतात शिरलं, नवरात्रात देवळाबाहेर गर्दी उसळली, कंत्राटी कामगारांनी गेटवर धरणं धरलं, असल्या आमच्या बातम्या. पुढे फॅक्स आला, मग ईमेल, आता सगळं मोबाइलवर. साधनं बदलली, डेस्कवरचा प्रश्न बदलला नाही. कालची बातमी आज पुन्हा पाठवली की उपसंपादक विचारतो, "नवं काय?" आई काल रडत होती, आजही रडते आहे, याला तो नवं म्हणत नाही. त्याच्या टेबलावर अशीच आणखी पाकिटं पडलेली असतात. नवं म्हणजे कोर्टाचा कागद, पुढची तारीख, मंत्र्याचं लेखी उत्तर, दुसऱ्या देशाच्या वकिलातीचा खुलासा. ज्या आईबापांना हे लवकर उमगलं त्यांच्याच मोहिमा महिन्यांमागून महिने चालल्या.

ऐंशीच्या दशकात मात्र मोहीम नव्हती, नुसते खटले होते. तत्त्वं तेव्हाच घडली. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग इथे एक करार तयार झाला. पालकांपैकी एकाने मूल त्याच्या नेहमीच्या देशातून दुसऱ्या देशात नेलं किंवा अडकवून ठेवलं, तर ते आधी परत पाठवायचं आणि ताब्याचा निर्णय त्या मूळ देशातल्या न्यायालयाने करायचा, असं त्याचं सूत्र. अशा अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय अपेक्षित धरला आहे. मूल नेऊन एक वर्ष उलटलं असेल, तर ते नव्या जागी रुळलं आहे का, हे पाहण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे उशीर झाला की पारडं झुकतं, हे कराराच्या कलमातच लिहून ठेवलं आहे. भारत या करारात सामील झालेला नाही.

करार नसतानाही आपल्या न्यायालयांनी वाट काढली. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका शीख जोडप्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, सुरिंदर कौर संधू यांचं. नवऱ्याने बायकोला मारण्याची सुपारी दिली होती, त्यात तो दोषी ठरला. तिनेच रदबदली केली म्हणून तो तुरुंगाबाहेर राहिला, आणि मग मुलाला घेऊन पंजाबात निघून आला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मूल आईला दिलं. ज्या देशाशी मुलाच्या आयुष्याचा सर्वांत जवळचा संबंध, तिथल्या न्यायालयाने त्याचा निर्णय करावा, हे सूत्र त्यांनी घालून दिलं. दोनच वर्षांनी पुण्याच्या प्रकरणात एलिझाबेथ दिनशॉ यांना त्याचा आधार मिळाला. तेव्हा आपल्याकडे दूरदर्शन ही एकच वाहिनी होती. परक्या देशातल्या आईला इथल्या वाचकापर्यंत पोचवणारी यंत्रणाच नव्हती. न्यायालय वेळेवर हललं म्हणून तिचं काम झालं. जिथे न्यायालय हललं नाही तिथे त्याला हलवणारं बाहेर कुणी नव्हतं.

मोहिमेचं आजचं रूप घडलं ते अमेरिकेत, एका बापाच्या हातून. जून २००४ मध्ये न्यू जर्सीच्या डेव्हिड गोल्डमन यांची बायको चार वर्षांच्या मुलाला सुट्टीसाठी म्हणून ब्राझीलला घेऊन गेली आणि परतली नाही. ब्राझील हेग करारात होता, तरी तिथल्या न्यायालयांत वर्षं गेली. २००८ मध्ये ती बाळंतपणात वारली. तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घराण्याने मूल द्यायला नकार दिला. पहिली चार वर्षं या प्रकरणाला जवळजवळ कुणी विचारलं नव्हतं. जानेवारी २००९ मध्ये एनबीसी वाहिनीने त्यावर कार्यक्रम केला आणि मग एकेक दार उघडत गेलं. मार्चमध्ये अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केले. ओबामांनी ब्राझीलच्या अध्यक्षांकडे विषय काढला. ख्रिस स्मिथ हे खासदार बापासोबत ब्राझीलला गेले. डिसेंबरमध्ये सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी एक व्यापार विधेयक अडवून धरलं. त्यात ब्राझीलच्या मालाला करसवलत मिळणार होती. २४ डिसेंबर २००९ रोजी रिओतल्या अमेरिकी वकिलातीत मुलगा बापाच्या हाती आला.

या मोहिमेचा कणा तिच्या वेळापत्रकात होता. गोल्डमन यांच्या समर्थकांनी प्रत्येक सुनावणी, प्रत्येक वाढदिवस, दोन राष्ट्राध्यक्षांची प्रत्येक भेट ही बातमीची तारीख केली. बाप सगळीकडे तेच, त्याच शब्दांत, न चिडता सांगत राहिला. खासदाराला पत्र लिहायचं तर मागणी एकच असायची, मूल परत पाठवा. एवढं जमलं म्हणून उपसंपादकाच्या "नवं काय?" ला दर आठवड्याला उत्तर मिळत गेलं. पण त्याच शेवटाला एक गालबोटही लागलं. बापलेकांना घरी आणणारं विमान एनबीसीने भाड्याने घेतलं होतं आणि मुलाखतही त्यांनाच मिळाली. अमेरिकेतल्या पत्रकारांच्या संघटनेने त्याचा जाहीर निषेध केला. पैसे मोजून बातमी मिळवणाऱ्याला त्या बातमीकडे तटस्थपणे पाहता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आईबाप अडचणीत असतात, त्यांनी मदत घेतली तर दोष त्यांचा नाही. मर्यादा पाळायची ती आम्ही.

आपल्याकडे अशी मोहीम घराघरांत पोचली ती नॉर्वेच्या प्रकरणात. मे २०११ मध्ये स्टॅव्हँगर शहरात एका बंगाली दांपत्याची दोन मुलं, लहानगा मुलगा आणि काही महिन्यांची मुलगी, तिथल्या बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. हाताने भरवणं, मुलाला कुशीत घेऊन झोपणं यांवर खात्याने बोट ठेवलं, असं आईबाप सांगत. एवढंच कारण नव्हतं, असं नॉर्वेचं म्हणणं. इथे आजी-आजोबा दिल्लीत रस्त्यावर बसले. माकपच्या नेत्या वृंदा करात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. २०१२ च्या सुरुवातीपर्यंत मराठीसह सगळ्या भाषांतल्या चोवीस तासांच्या वाहिन्या घरात पोचल्या होत्या, आणि हाताने भरवलेला घास ही गोष्ट कुठल्याही आईला समजावून सांगावी लागत नव्हती. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांना नॉर्वेच्या मंत्र्यांशी बोलावं लागलं, विशेष दूत पाठवावा लागला, संसदेत प्रश्न आले. त्या दिवसांत आमच्या वसाहतीतल्या बायकाही भाजीच्या गाडीपाशी त्या लेकरांबद्दल बोलत.

मधेच नवराबायकोतल्या भांडणाच्या बातम्या फुटल्या आणि ठरलेली सुनावणी बारगळली. कॅमेऱ्याचा उजेड अन्यायावर पडतो तसा घरातल्या तड्यांवरही पडतो, आणि तो हवा तेव्हा विझवता येत नाही. शेवटी एप्रिल २०१२ मध्ये स्टॅव्हँगरच्या न्यायालयाने मुलं काकाकडे सोपवली. काका आसनसोलजवळच्या कुलटीला दंतवैद्य होते. मुलं दिल्लीच्या विमानतळावर उतरली, फोटो निघाले, वाहिन्यांनी विजय जाहीर केला आणि गाड्या परत गेल्या.

आईचं खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. मुलं भारतात आली होती, तिच्याकडे आली नव्हती. ती बर्दवानच्या बालकल्याण समितीपुढे गेली, कलकत्ता उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये तिला मुलं मिळाली. हे नऊ महिने देशाच्या नजरेआड गेले. तिच्यावरचा चित्रपट आला तो मार्च २०२३ मध्ये. माझ्या धंद्याला मी एक प्रश्न विचारतो तो या नऊ महिन्यांबद्दल. आपलं लक्ष मुलांवर होतं की नॉर्वेवर? मुलांवर असतं तर ते विमानतळावर संपलं नसतं.

याच प्रश्नाची दुसरी बाजू मला कोराडीतच दिसली. वसाहतीत ओळखीच्या एका घरातली मुलगी लहान लेकराला घेऊन अमेरिकेहून परत आली. नवरा मारतो, असं तिचं सांगणं. तिने तिथल्या दवाखान्याचे कागद मला दाखवले. तिची आई हात जोडून म्हणाली, "भाऊ, पेपरात नका देऊ बाप्पा. लेकराचं नाव निघालं की शाळेत पोट्टे विचारतीन." थोड्याच दिवसांत मला परदेशातून ईमेल आला. तो त्या मुलाच्या बापाचा होता. सोबत तिथल्या न्यायालयाचा आदेश, मुलाच्या खोलीचा फोटो आणि एक विनंती: भारतातल्या एखाद्या पेपरने माझी बाजू एकदा तरी छापावी. त्याने अनेकांना लिहिलं होतं. उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

मी दोघांशी बोललो. मारहाणीचे कागद खोटे वाटत नव्हते, आणि त्या खोलीत परतणाऱ्या माणसाचं दुःखही खोटं नव्हतं. कोण खरं हे ठरवणं माझं काम नव्हतं, ते न्यायालयाचं. मी कुणाचंही नाव न घेता, गाव न सांगता एक बातमी लिहिली: दोन देशांच्या आदेशांमध्ये अडकलेल्या मुलांची सुनावणी किती लांबते. डेस्कवरून फोन आला, फोटो हवा, नाव हवं. मी नाही म्हटलं. बातमी आतल्या पानावर, लहान होऊन आली. पुढे वकिलांनी मध्यस्थी करून मार्ग काढला. रोज ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल, सुट्टीत बापाची भेट, मुलगा आईकडे. दोन्ही घरांनी ते मानलं. त्या तडजोडीला कुठल्याही पेपरात एक ओळही मिळाली नाही.

नॉर्वेने आपली मुलं नेली तर आपण पेटून उठतो. आपल्यातलाच कुणी परदेशातून मूल इथे घेऊन येतो तेव्हा मागे राहिलेला पालक आपल्याला परका वाटतो, मग तोही मराठीच का असेना. मार्च २००९ मध्ये विधी आयोगाने २१८ व्या अहवालात भारताने हेग करारात सामील व्हावं असं सुचवलं. ऑक्टोबर २०१६ च्या २६३ व्या अहवालात तसा कायद्याचा मसुदाही दिला. त्यावर देशभर आक्षेप आले, आणि ते साधे नव्हते. अशा प्रकरणांत मूल घेऊन निघणाऱ्यांत आयांचं प्रमाण जास्त असतं. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, बँकेचं खातं नवऱ्याच्या हाती, आणि मार खाणारी बाई माहेरी पळून आली तर तिला मुलासकट परत धाडणार का, हा प्रश्न माहेर असलेल्या प्रत्येक समाजाला भिडणारा आहे. केंद्राने न्या. राजेश बिंदल यांची समिती नेमली. एप्रिल २०१८ च्या अहवालात तिने असे वाद सोडवायला भारतातच स्वतंत्र प्राधिकरण आणि मध्यस्थीची वाट सुचवली. ते प्राधिकरण उभं राहिलेलं नाही.

मधल्या काळात न्यायालयंही हललेली आहेत. जुलै २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात न्या. अजय खानविलकर यांनी लिहिलेल्या निकालाने धनवंती जोशी खटल्याची वाट पुन्हा पक्की केली. परदेशी आदेश हा एक मुद्दा, मुलाचं हित हा निर्णायक मुद्दा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्याच नागपूर खंडपीठाने देशातल्या एका प्रकरणात सांगितलं की न्यायालयाची मनाई नसेल, तर बापाने स्वतःचं मूल नेणं म्हणजे अपहरणाचा गुन्हा होत नाही. कायदा असा आहे म्हणून परदेशातून 'अपहरण' या शब्दाने सुरू झालेली मोहीम आपल्या पोलीस ठाण्यात पोचताच थबकते. तिकडे गोल्डमन यांच्या नावाचा कायदा ऑगस्ट २०१४ मध्ये झाला. त्याखाली अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरवर्षी देशांची यादी काढतं आणि भारताचं नाव त्यात सहकार्य न करणाऱ्या देशांत वारंवार आलं आहे. एका बापाच्या मोहिमेतून निघालेली ही वार्षिक तारीख आज मूल हरवलेल्या दुसऱ्या आईबापांना बातमीचं निमित्त पुरवते. मोहीम संपली तरी तिने मागे ठेवलेलं वेळापत्रक चालू राहिलं, याला मी तिचं सर्वांत मोठं यश मानतो.

आपल्या डोळ्यांसमोरची मोठी मोहीम बर्लिनची. भावेश आणि धरा शहा हे गुजराती जैन दांपत्य २०१८ मध्ये नोकरीनिमित्त तिथे गेलं. त्यांची मुलगी अरिहा फेब्रुवारी २०२१ मध्ये जन्मली. सप्टेंबर २०२१ मध्ये, ती सात महिन्यांची असताना, दवाखान्यात तिच्या अंगावरची जखम पाहून तिथल्या बालकल्याण खात्याने तिला ताब्यात घेतलं. जखम अपघाताने झाली, असं आईबापांचं म्हणणं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्यावरचा फौजदारी तपास आरोप न ठेवता बंद झाला. जून २०२३ मध्ये मात्र बर्लिनमधल्या पँको न्यायालयाने ताबा द्यायला नकार दिला आणि मुलगी खात्याकडेच राहिली.

धरा शहा यांनी काय केलं हे बघितलं तर या मोहिमांचा सगळा इतिहास त्यात सापडतो. मुंबईत, दिल्लीत पत्रकार परिषदा. जैन समाजाचे ठिकठिकाणचे मोर्चे. २०२२ च्या डिसेंबरात जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री दिल्लीत आल्या तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी हा विषय काढला. जून २०२३ मध्ये १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. एरवी एकमेकांकडे न बघणारे पक्ष एका कागदावर सह्या करून मोकळे झाले. परराष्ट्र मंत्रालयाने मुलीची भाषा, धर्म आणि संस्कृती जपण्याची मागणी जाहीरपणे मांडली. मागणीतला हा बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. मूल परत द्या, ही एकच ओरड ठेवली असती तर न्यायालयाने नाही म्हटल्यावर बोलायला काहीच उरलं नसतं. तिला आपली भाषा ऐकू येऊ द्या, ही मागणी उद्याच पुरी करता येण्यासारखी आहे. ती पुरी झाली नाही तर तीही एक बातमी आहे, आणि पुरी झाली तर मुलीचा तेवढा धागा शाबूत राहतो.

पण तेच घड्याळ इथेही चाललं आहे. सात महिन्यांचं बाळ ज्या हातांत वाढतं ते हात त्याला आपले वाटू लागतात. त्यात बाळाचा दोष नाही, सांभाळणाऱ्यांचाही नाही. त्या जखमेबद्दल कोण खरं, हे मला इथे बसून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. इतकं मात्र ठामपणे म्हणतो की मूल परत द्यायचं असो वा नसो, ठरवायला वर्षं लावणं हा कुठल्याही देशाच्या यंत्रणेने त्या मुलावर केलेला अन्याय आहे.

या मोहिमांमधला सर्वांत नाजूक प्रश्न मुलाच्या चेहऱ्याचा आहे. फोटो आणि नाव असल्याशिवाय लोक हलत नाहीत, हे खरं. म्हणून आईबाप फोटो देतात, त्यांची लाचारी मी समजू शकतो. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मात्र संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट अशी की हे मूल एक दिवस पंधरा वर्षांचं होईल आणि स्वतःचं नाव शोधेल. तेव्हा त्याच्यासमोर काय यावं? आईबापांनी एकमेकांवर केलेले आरोप, की त्याच्यासाठी कोण किती वेळा कुठे उभं राहिलं त्याच्या तारखा? वसाहतीतल्या त्या आजीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी तिला ते नेमकं ठाऊक होतं.

माझ्यानंतर या भागातून बातम्या पाठवणाऱ्या तरुण मुलामुलींना मी काही गोष्टी सांगत असतो. असं प्रकरण हाती आलं की आधी वही काढा आणि तारखा लिहा: मूल कधी नेलं, अर्ज कधी केला, पहिली सुनावणी कधी, पुढची कधी. दोन्ही बाजूंचे कागद वाचल्याशिवाय एक शब्द लिहू नका. एक बाजू दुसऱ्या देशात असेल, तर तिला ईमेल करा, उत्तराची वाट पाहा. मुलाचं नाव, शाळा, फोटो टाकू नका, डेस्कने मागितला तरी नाही. मूल परत आलं की बातमी संपली असं धरू नका. सहा महिन्यांनी पुन्हा त्या दारी जा, घरच्यांची इच्छा असेल तर विचारा. तडजोड झाली तर तीही लिहा, कारण भांडणाच्या शंभर बातम्या वाचलेल्या पुढच्या आईबापांना सुटकेची एक तरी वाट कळली पाहिजे.

आणि मोहीम चालवणाऱ्या आईबापांना माझं सांगणं असं: तुमचं दुःख आम्ही रोज छापू शकणार नाही, पण तुमच्या तारखा छापू शकतो. सुनावणी पुढे ढकलली गेली तर कुणी मागितली, कारण काय दिलं, मूल तेव्हा केवढं होतं, हे आम्हाला त्याच दिवशी कळवा. न्यायालयात 'पुढची तारीख' हे दोन शब्द रोज शेकडो वेळा उच्चारले जातात आणि कुणाला त्यात बातमी दिसत नाही. जमिनीच्या दाव्यात ती नसेलही, जमीन होती तिथेच राहते. मूल मात्र दोन तारखांच्या मध्ये वाढतं, भाषा बदलतं, चेहरे विसरतं. त्याच्या दाव्यात दिलेली प्रत्येक पुढची तारीख ही पहिल्या पानाची बातमी आहे, आणि कोराडीचा वार्ताहर असो की बर्लिनचा, ती देणं आमचं काम आहे.